बारा चूक, बारा बरोबर : शाळेतल्या ऑनलाइन साधनांचे रोजचे अनुभव

खडूफळा :

नमस्कार मंडळी. अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर दोन शिक्षकांची जिल्हा परिषद शाळा आहे, तिथे मी शिकवतो. पहिली ते पाचवी, पट २७. मास्तर आणि ऑनलाइन साधने म्हटले की एकतर 'डिजिटल क्रांती'चे गोडवे येतात, नाहीतर 'लिंक भरून भरून जीव गेला' हे रडगाणे. दोन्ही मीही गायलोय. या धाग्यावर रोजचे बारीकसारीक लिहावे असा विचार आहे. सुरुवात माझ्यापासून.

पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सरावासाठी मी ऑनलाइन फॉर्मवर चाचणी बनवली. आपण सगळे वापरतो तसलाच फॉर्म, उत्तरे आधी भरून ठेवली की गुण आपोआप देणारा. प्रश्न असा होता : पेटीत ३ डझन आंबे, त्यातले २४ विकले, तर उरले किती? असे २५ प्रश्न, त्यातल्या ९ प्रश्नांना उत्तर अंकात लिहायचे. रात्री पालकांच्या फोनवर पोरांनी सोडवली आणि सकाळी मी निकाल उघडला. वर्गात गणितात जिला तोड नाही त्या पोरीला त्या नऊच्या नऊ प्रश्नांत शून्य. आणि पाढे म्हणताना जो खिडकीबाहेर बघतो, त्याला नवापैकी सात.

पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, मी बाराच लिवलं व्हतं."

बघितले तर खरेच १२ लिहिले होते. पण देवनागरीत. उत्तरसूचीत मी इंग्रजी अंकांतला बारा टाकला होता, आणि फॉर्मच्या लेखी हे दोन वेगळे बारा. तिच्या आईच्या फोनवर मराठी कीबोर्ड, म्हणून अंकही मराठी उमटले. त्या पोराच्या चुलत्याच्या फोनवर सगळे इंग्रजीत. म्हणजे मी पोरांची नाही, फोनच्या कीबोर्डची परीक्षा घेतली होती. आमच्या गणिताच्या पुस्तकात अंक देवनागरी, फळ्यावर देवनागरी, वहीत देवनागरी. पोरीने शिकवले तेच लिहिले.

मग उपाय केला. लघुत्तरी प्रश्नाला एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरे देता येतात, तिथे दोन्ही बारा टाकले. दुसऱ्या चाचणीत एकाने 'बारा' अक्षरात लिहिले, एकाने '१२ आंबे', आणि एकाने १२ नंतर मोकळी जागा सोडून टिंब दिले. किती उत्तरे टाकणार? शेवटी पर्याय दिले. पण पर्याय दिले की पोरे गणित करत नाहीत, अंदाज करतात. आता अंकांचे प्रश्न कागदावर सोडवून त्याचा फोटो मागवतो आणि हाताने तपासतो. साधनाने वाचवलेला वेळ साधनानेच खाल्ला.

बाकी चांगलेही अनुभव आहेत, खाली लिहितो. तुमचे येऊ द्या.

पारंबी :

सर, हसावे की रडावे! आमच्याकडे याचाच पुढचा अंक झाला. घटक चाचणीचे गुण सगळ्या वर्गशिक्षकांनी एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचे होते. एका बाईंनी फोनवरून मराठी अंकांत भरले आणि बेरजेच्या रकान्यात अख्ख्या वर्गाला शून्य. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, वर्गात एकही पोर पास नाही?" तक्त्याने ते आकडे मजकूर समजून बेरजेतून वगळले होते. कुठे चूक झाली असे सांगत पण नाही, नुसता शून्य दाखवतो मख्खपणे.

संगणकातला_उंदीर :

मी शिक्षक नाही, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आई शिक्षिका होती म्हणून असले धागे वाचतो. या बाराच्या भानगडीवर थोडे लिहितो, कारण हे 'संगणकाला मराठी येत नाही' असे प्रकरण नाहीये.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि अंकाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे नऊ अंक दोन्हीकडे ओळीने येतात. म्हणजे कुठल्याही देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक हजर. एका ओळीचे काम आहे. त्यापुढची गंमत म्हणजे '१' या चिन्हाची किंमत एक आहे, हेही युनिकोडच्या तक्त्यात नोंदवलेले आहे. पायथन ही संगणकभाषा ते वाचते. तिला '१२' हा मजकूर देऊन पूर्णांक कर म्हटले की मुकाट्याने बारा देते. जावास्क्रिप्टला हेच सांगितले तर उत्तर येते, 'हा अंक नव्हे'. आणि वेबवरचे बहुतेक फॉर्म जावास्क्रिप्टवर चालतात.

तेव्हा माहिती संगणकात आहे. फॉर्म बनवणाऱ्याला ती विचारावीशी वाटली नाही, एवढेच. मी स्वतः दहा वर्षे फॉर्म बनवतोय आणि आज हा धागा वाचेपर्यंत मलाही वाटली नव्हती, हे कबूल करतो. उद्या ऑफिसात आमच्याच फॉर्ममध्ये १२ टाकून बघणार आहे.

खडूफळा सर, तक्त्यात उत्तरांच्या शेजारी एक रकाना घ्या आणि त्यात अंक बदलण्याचे सूत्र टाका. ० च्या जागी इंग्रजी शून्य, १ च्या जागी इंग्रजी एक, असे दहा बदल एकात एक गुंफायचे. दिसायला कांद्याच्या पातींसारखे दिसते पण चालते. लिहून देऊ का?

खडूफळा :

द्या की, उपकार होतील. २३५८ चे गणित पोरांनाच देतो, वजाबाकीचे उदाहरण म्हणून. :)

निवृत्त_हेडमास्तर :

धागा वाचून जुनी जखम उघडी पडली. मंडळी, तुमचे बारा तर दोन अंकी. माझे प्रकरण १९ अंकी होते.

सरल या सरकारी विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो हे शिक्षकांना माहीत आहे. मी सगळ्या शाळेचे क्रमांक स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतले, जतन केले, निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी उघडले तर प्रत्येकाच्या शेवटी चार शून्ये. माझा विश्वासच बसेना. पुढे एका जाणकाराने सांगितले की स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंकच खरे धरते, पुढचे शून्य करून टाकते. आणि एकाच शाळेतल्या, एकाच वर्षी नोंदलेल्या मुलांच्या क्रमांकात फरक असतो तो शेवटीच! तेव्हा माझ्या तक्त्यात वर्गातली सगळी पोरे एकच झाली. अद्वैत म्हणतात ते हेच असावे.

गेलेले आकडे परत येत नाहीत, हे लक्षात ठेवा. पुन्हा पहिल्यापासून उतरवावे लागले. उपाय एकच. आकडे टाकायच्या आधी रकाना निवडायचा आणि त्याला 'मजकूर' करून ठेवायचे. आधार क्रमांक १२ अंकी असल्याने तो शाबूत राहतो, पण पडद्यावर मध्येच दशांश चिन्ह आणि ई असे काहीतरी विचित्र दिसते, तेव्हा घाबरू नये. रकाना रुंद करून संख्येचे रूप बदलले की दिसतो.

दुसरे जन्मतारखेचे. आमच्या पिढीच्या गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून लावला आहे. नाव घालायला आलेल्या बापाला तारीख विचारली की तो म्हणायचा, "त्या पुरात झाला बघा." मग गुरुजी शाळेत बसेल असे वय धरून १ जून लिहून मोकळे. ती जनरल रजिस्टरातली ०१/०६ संगणकात भरली की दिवस आणि महिना उलटतात आणि ६ जानेवारी होते. निम्मे गाव एका रात्रीत पाच महिन्यांनी मोठे झाले! आम्ही एकदा दाखले छापताना पकडले, नाहीतर कल्याणच होते.

पारंबी :

@निवृत्त_हेडमास्तर सर, "त्या पुरात झाला बघा" 😂 माझ्या वडिलांचाही १ जून.

नावांचे कोणी लिहिणार का? आधारवरचे नाव आणि रजिस्टरचे नाव जुळवताना मागच्या वर्षी आमचा अख्खा दिवाळीआधीचा महिना गेला. मराठी नाव इंग्रजीत जाते, तिथून यंत्र पुन्हा मराठीत आणते. काळेचे काले होते, साठेचे साथे. इंग्रजीत ळ नाही, ठ आणि थ एकाच पद्धतीने लिहितात, मग यंत्र तरी काय करणार? एका मुलीचे आडनाव आईने बघितले आणि म्हणाली, "हे आमचं न्हाई, दुसऱ्या कुणाचं तरी असंल."

चक्रधर_आणि_कर्कटक :

मी नाशिकला माध्यमिकला गणित-विज्ञान शिकवते. वरचे सगळे भोगले आहे, त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही. मला कामाची वाटलेली दोन साधने सांगते, दोन्ही फुकट.

पहिले जिओजेब्रा, पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढायचे. २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला शिकत असताना ते सुरू केले. मी नववीला मध्यगा शिकवताना वापरते. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूत मिळतात आणि तो बिंदू प्रत्येक मध्यगेला २:१ मध्ये विभागतो, हे फळ्यावर काढून दाखवले तर मुले मान डोलावतात. फळ्यावरचा त्रिकोण बाईंनीच काढलेला, म्हणजे बाईंच्या बाजूने असणारच. पण पडद्यावर शिरोबिंदू धरून ओढता येतो. एकेकाला पुढे बोलावते आणि म्हणते, हे गुणोत्तर मोडून दाखव. तुटून पडतात! त्रिकोण लांबट कर, सुईसारखा कर, पालथा घाल. आकडे दोन आणि एकच. मागच्या वर्षी एकाने शिरोबिंदू ओढत ओढत थेट समोरच्या बाजूवर नेऊन ठेवला आणि ओरडला, "मॅडम, त्रिकोणच मेला!" त्या तासाला एकरेषीय बिंदू ही व्याख्या मला वेगळी शिकवावी लागली नाही.

दुसरे फेट, पडद्यावर प्रयोग करून बघायचे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेत कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वीमन यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. विद्युत परिपथ, लंबक, घनता, अपूर्णांक असे बरेच काही तिथे हाताळून बघता येते. बरीचशी मराठीतही आहेत, भाषांतरे लोकांनी हौसेने केलेली आहेत. त्यामुळे आपल्या पुस्तकातली संज्ञा आणि तिथली संज्ञा कधी जुळते, कधी नाही. मी मुलांनाच फरक शोधायला लावते. आणि खडूफळा सरांसारख्यांसाठी महत्त्वाचे म्हणजे नवीन स्वरूपातली फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेता येते. मग वर्गात नेट नसले तरी ब्राउझरमध्ये उघडते.

एक मात्र आहे. बॅटरी, दिवा, तारा पडद्यावर जोडून झाल्या की मी खरी बॅटरी आणि खरा दिवा हातात देतेच. पडद्यावर तार कधी सैल होत नाही. खऱ्या परिपथात पहिल्या फटक्याला दिवा सहसा लागत नाही, आणि का लागला नाही हे शोधण्यात अर्धे विज्ञान आहे.

खडूफळा :

मॅडम, फेट पेनड्राइव्हवर घेतो. आमच्याकडे शाळेत रेंज येत नाही. देवळाच्या पारावर एक कोपरा आहे, तिथे उभे राहिले तर दोन काड्या येतात. पोरांनी त्याला 'ऑफिस' नाव ठेवले आहे. "सर ऑफिसात गेलेत" म्हणजे मी पारावर.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचेही मी असेच करतो. बाजारच्या दिवशी राजूरला गेलो की दीक्षा ॲपवर पुढच्या पंधरवड्याचे पाठ उतरवून ठेवतो. ते नेटशिवाय चालतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या वाडीवरही लोक विचारत होते, "ते पुस्तकावरचे चौकोन म्हणजे त्यांचेच का?" तेव्हापासून पोरे तो चौकोन दिसला की बोट ठेवतात, यात काय लपलेय म्हणून. पण व्हिडिओ संपला की विचारतात, "सर, आता तुम्ही सांगा." हे मला आवडते, खोटे कशाला बोलू.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल तर साध्या आवाज-नोंदीचा. दर शनिवारी प्रत्येक पोर एक परिच्छेद वाचते, मी फोनवर रेकॉर्ड करतो. जूनची नोंद आणि नोव्हेंबरची नोंद एकापाठोपाठ ऐकवली. दुसरीतल्या एका पोराने जूनमध्ये 'आ…ई…ने' असे अक्षर अक्षर लावले होते. स्वतःचाच आवाज ऐकून म्हणाला, "सर, ह्ये कोण बारकं हाय?" पालकसभेत त्याच्या आजीला ऐकवले. आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिने दोनदा लावायला सांगितले.

गुगलचे रीड अलाँगही वापरून बघितले. २०१९ मध्ये ते 'बोलो' नावाने आले होते. मराठी गोष्टी आहेत, पोर मोठ्याने वाचते आणि दिया नावाची बाहुली चुकलेला शब्द पुन्हा सांगते. मुलांना ती आवडते. मास्तर ओरडतो, दिया ओरडत नाही.

शनिवारची_शाळा :

मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते, आमच्या गावच्या मराठी शाळेत शिकवते. आठवड्याला दीड तास. मुले इथेच जन्मलेली, मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही. तुमच्या उलट आमच्याकडे नेट आणि टॅब आहेत, मराठी नाही.

शब्द उच्चारून दाखवणारे साधन वापरायला गेले तर च आणि झ ने घोळ घातला. आपल्याकडे एकाच अक्षराचे दोन उच्चार. 'चिंच' या एका शब्दातच पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा! यंत्राने दोन्ही सारखेच म्हटले. 'माझी' बरोबर म्हटले आणि 'माझा'सुद्धा त्याच झ ने. मुलांना वाटले बाईच चुकतात. एक चिमुरडी म्हणाली, "टीचर, टॅब सेज यू आर राँग."

मग मी आईला गाठले. आई सांगलीला असते, वय ७४. तिने व्हॉट्सॲपवर दीडशे शब्द बोलून पाठवले. चिंच, चमचा, चंद्र, चूक, चांगला. मी ते चित्रांच्या पत्त्यांना जोडले. आता आमच्या शाळेतली पोरे सांगलीच्या ठसक्यात 'चांगलं' म्हणतात. 'लई चांगलं'सुद्धा म्हणायला लागलीत, कारण आईने मध्येच "झालं का गं रेकॉर्ड? लई चांगलं" म्हटले होते आणि मी ते कापायला विसरले.

निवृत्त_हेडमास्तर :

आईंना नमस्कार सांगा. हे आवडले.

बोरू :

थोडे अवांतर, पण प्रश्नपत्रिकांबद्दल कुणीच बोलले नाही म्हणून. आमच्या तालुक्यात अजून निम्म्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये येतात. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे नुसते चित्र बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर मराठी दिसणार, नसेल तर शिव्या दिल्यासारखी इंग्रजी अक्षरे. मी गेल्या वर्षीपासून सगळे युनिकोडमध्ये करतो. महिनाभर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलो, बोटे दुखली, पण आता वेग आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, एकदा बसले की बसले.

फक्त 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला र लिहिता येतो का ते बघून घ्या. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' करून छापलेल्या प्रश्नपत्रिका मी जपून ठेवल्या आहेत, नातवंडांना दाखवायला.

पालक_क्रमांक_४१ :

मी शिक्षक नाही, पालक. एक कटू बोलू का? मुलांचे फोटो, व्हिडिओ, वाचनाच्या नोंदी शाळेच्या ग्रुपवर टाकतात तेव्हा कुणी आम्हाला विचारत नाही. आमच्या ग्रुपवर ४१ पालक, त्यातले निम्मे मला माहीतही नाहीत. माझ्या मुलीचा अडखळत वाचतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. ती आठ दिवस शाळेत जायला तयार नव्हती. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते असे आहे. कायदा बाजूला ठेवा, साधे विचारायला काय जाते?

खडूफळा :

ताई/दादा, तुमचे बरोबर आहे. मी नोंदी ग्रुपवर टाकत नाही, पण आजीला ऐकवल्या तेव्हा खोलीत इतर पालकही बसलेले होते. ते पोर खूश होते म्हणून लक्षात आले नाही. जूनमधल्या नोंदीत कोणी खरेच अडखळत असेल, तर पुढच्या वेळी ज्याचे त्यालाच ऐकवेन.

संगणकातला_उंदीर :

सूत्र तयार आहे, सर, खरडवहीत पाठवलेय. आणि अपडेट : आमच्या फॉर्ममध्ये देवनागरी १२ टाकला. लाल अक्षरांत आले, 'कृपया वैध संख्या भरा'. मराठीत आले! म्हणजे चूक दाखवण्याचे भाषांतर झालेय, अंकाचे नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडतोय.

पारंबी :

सोमवारी काय झाले ते लिहा नक्की.

खडूफळा :

सूत्र मिळाले, आभार. शुक्रवारी परत चाचणी लावतोय. वर्गात सांगितल्यावर त्या पोरीने हात वर केला आणि विचारले, "सर, मंग औंदा कोणचं बारा लिवायचं?" म्हटले, तुला येते तेच लिही.

रेंज जातेय, पारावरून लिहितोय आणि पाऊस आलाय. निकाल शनिवारी टाकतो.